सुताराची तारीख

‘इन्शाअल्लाह’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो? आणि त्यांपैकी किती वेळा ते काम करण्याचा निश्चय खरोखर आपल्या मनात असतो? हा प्रश्न मला एखाद्या दर्सच्या बैठकीत सुचला असता तर बरे दिसले असते. पण तो मला एका लाकडी कपाटापुढे उभे असताना सुचला. म्हणून आधी त्या कपाटाविषयी सांगतो.

वडिलांच्या निधनानंतर त्यांची पुस्तके पत्र्याच्या पेट्यांत पडून होती. त्यांना वाळवी लागण्याआधी एक चांगले शिसवी कपाट करून घ्यावे, असे घरात ठरले. आमच्या गावात एक कारागीर आहेत. मूळचे सहारनपूरचे, तिसऱ्या पिढीचे सुतार. नक्षीकामात हात असा की पटाशी चालताना पाहत बसावे. त्यांचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते नावासह लिहिले तर ती गीबत होईल. शाबान महिन्यात बोलणी झाली. किंमत बासष्ट हजार, त्यांपैकी तीस हजार आगाऊ. कपाट रमजान ईदच्या आधी घरात येईल, असे त्यांनी सांगितले आणि अर्थातच त्या वाक्याला ‘इन्शाअल्लाह’ जोडले.

ईद झाली. मग “पुढच्या जुमेरातला” सुरू झाले. कधी पॉलिशवाला गावी गेला, कधी वीज नव्हती, कधी घरात आजारपण. मी आधी आठवड्यातून एकदा फोन करीत होतो, मग दिवसाआड, शेवटी रोज. कपाट आले तेव्हा बकरी ईद होऊन गेली होती आणि मृगाचा पाऊस पडत होता. दिसायला ते सुंदर होते. पण थंडी पडली तशी उजव्या दाराला वरपासून खालपर्यंत भेग गेली, डाव्या दाराने पीळ धरला आणि खालच्या फळीखाली पिठासारखा बारीक भुगा साचू लागला. फळी काढून पाहिली, तर तिची आतली बाजू पांढरी होती. म्हणजे गाभ्याचे लाकूड नव्हे, सालीलगतचे कच्चे लाकूड, ज्याला कीड सर्वांत आधी लागते. त्यावर गडद रंग फिरवून ते शिसवाचे केलेले होते.

मी तावातावाने त्यांच्या कारखान्यात गेलो. त्यांनी ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाले, “भाईजान, तुम्ही रोज फोन करीत होता. फळ्या अजून ओल्या होत्या. मी तुम्हाला तसे सांगितले असते, तर तुम्ही आणखी सहा महिने थांबला असता का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पांढऱ्या लाकडाला रंग फासण्याचे समर्थन या प्रश्नाने होत नाही, हे मला तेव्हाही कळत होते. पण प्रश्नाचा पहिला भाग खरा होता, आणि गेले कित्येक महिने तो माझ्या मनातून गेलेला नाही.

वाचकहो, लाकूड ही सजीवाची निर्मिती आहे. झाड तोडल्यावरही त्यातले पाणी एकदम जात नाही. एक इंच जाडीची फळी उघड्या हवेत, सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवली, तर ती नीट वाळायला साधारण एक वर्ष लागते, असा सुतारांचा जुना हिशेब आहे. भट्टीत हेच काम काही आठवड्यांत होते, पण लहान कारागिराजवळ भट्टी नसते. ओल्या लाकडाचे सामान बनवले, तर ते घरात वाळत राहते आणि वाळताना रुंदीत आक्रसते. लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. म्हणूनच भेग नेहमी उभी जाते. घाई करून लाकडाचा स्वभाव बदलत नाही. अल्लाहने प्रत्येक वस्तूला एक माप आणि एक मुदत ठरवून दिली आहे, हे आपण मान्य करतो. फक्त कपाटाची मुदत आपण ठरवावी, असे आपल्याला वाटते.

तेव्हा उशीर दोन प्रकारचा असतो. एक लाकडाचा आणि दुसरा जिभेचा. पहिल्या उशिराला गुन्हा म्हणता येत नाही. उलट तो गुणवत्तेची किंमत आहे. दुसऱ्या उशिरात लाकडाचा काही संबंध नसतो. कारागिराने चार कामे अंगावर घेतलेली असतात आणि पाचव्याला ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य त्याला झालेले नसते. अडचण अशी की, ग्राहकाला बाहेरून हे दोन्ही उशीर सारखेच दिसतात. सांगितल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही. आणि नेमके तेच सांगितले जात नाही.

आपल्या धर्मात सुताराचे काम हलके समजलेले नाही. हजरत जकरिया (अ.) सुतार होते, असे सहीह मुस्लिममधील हदीस सांगते. हजरत नूह (अ.) यांनी ईशदेखरेखीखाली नौका बांधली. हजरत दाऊद (अ.) यांना चिलखत बनवण्याची कला देताना त्याच्या कड्या मापशीर जुळवण्याची आज्ञा झाली, याचा उल्लेख सूरह सबामध्ये आहे. एका प्रेषिताला, जो राजाही होता, कड्या नीट जोडायला सांगितले जाते! कसब उत्तम असणे ही केवळ बाजाराची मागणी नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आणि मस्जिद-ए-नबवीचा मिंबर? तोही मागणीवरून बनवलेलाच होता. सहीह बुखारीत हजरत सहल बिन साद (रजि.) यांच्या कथनानुसार, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका अन्सारी स्त्रीकडे निरोप पाठवला की, तुमच्या सुतार गुलामाकडून माझ्यासाठी लाकडी बैठक करवून घ्या, जिच्यावर बसून मी लोकांशी बोलू शकेन. मदीनेजवळच्या गाबा या रानातील झाऊच्या लाकडाचा तो मिंबर तयार झाला. हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनात मात्र त्या स्त्रीने स्वतःहून ही तयारी दाखवली होती, असे येते. हदीसच्या भाष्यकारांनी या दोन कथनांचा मेळ घालताना एक शक्यता मांडली आहे: आधी त्या स्त्रीनेच प्रस्ताव दिला असावा, पण गुलामाकडून कामाला उशीर झाला असावा आणि म्हणून प्रेषितांनी (स.) आठवण देण्यासाठी निरोप धाडला असावा. हे वाचले तेव्हा मी क्षणभर थांबलो. ती शक्यता खरी असेल, तर सुताराकडचा उशीर मदीनेतही होता. फरक इतकाच की, तिथून गेलेल्या निरोपात राग नव्हता, धमकी नव्हती. फक्त आठवण होती.

मागणीवरून वस्तू बनवून घेण्याच्या या कराराला फिकहमध्ये ‘इस्तिस्ना’ म्हणतात. मूळ नियम असा की, जी वस्तू आपल्याजवळ नाही ती विकू नये. कपाट तर अजून झालेच नाही. मग त्याचा सौदा कसा? हनफी विद्वानांनी लोकांचा सार्वत्रिक व्यवहार आणि प्रेषितांनी (स.) मिंबर व अंगठी करवून घेतल्याची उदाहरणे पाहून हा करार वैध ठरवला. शाफई विद्वानांची भूमिका वेगळी. आपल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांत बहुतांश शाफई मसलक आहे, म्हणून त्यांना हे ठाऊक असणे इष्ट. त्यांच्याकडे असा सौदा ‘सलम’च्या अटींवर बसावा लागतो, म्हणजे सगळी किंमत सौद्याच्या बैठकीतच चुकती व्हायला हवी. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले, तेव्हा लोक वर्ष-दोन वर्षांच्या खजुरांसाठी आगाऊ पैसे देत असत. त्यांनी ती प्रथा बंद केली नाही. माप, वजन आणि मुदत निश्चित असावी, एवढी अट घातली.

हनफी इमामांमध्ये एका मुद्द्यावर मतभेद होता आणि तो आजच्या ग्राहकाने समजून घेण्यासारखा आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते, वस्तू तयार झाल्यावर ती पाहून घेणारा नकार देऊ शकतो, कारण त्याने ती आधी पाहिलेली नाही. हारून रशीदच्या काळात सरन्यायाधीश असलेले त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्याकडून मात्र असे मत आले की, वस्तू सांगितल्याबरहुकूम असेल तर नाकारता येणार नाही; कारण कारागिराने आपला माल कापून बसवला आहे आणि तीच वस्तू दुसरा कोणी त्या किमतीला घेईलच असे नाही. भाष्यकारांनी यासाठी मिंबरचेच उदाहरण दिले आहे: वाइजाने मिंबर करवून घेतला आणि मग तो नाकारला, तर सामान्य माणूस मिंबर घेऊन काय करील? उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या कायदेसंहितेने अबू यूसुफ (रह.) यांच्याच मताची दिशा धरली: करार झाल्यावर कोणीही मागे फिरू नये; पण वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर घेणाऱ्याला ती नाकारण्याचा अधिकार आहे. पुढे १९९२ मध्ये जेद्दाह येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने इस्तिस्ना दोन्ही पक्षांवर बंधनकारक मानला. वस्तूची जात, प्रकार, प्रमाण आणि गुण स्पष्ट असावेत, मुदत ठरलेली असावी, किंमत हप्त्यांनी देता येईल, आणि आवाक्याबाहेरचे कारण नसेल तर उशिरासाठी भरपाईची अटही घालता येईल, असे तिने म्हटले.

माझ्या कपाटाच्या करारात यांपैकी काय होते? ‘शिसवी, चार खणांचे, नक्षीची दारे.’ एवढेच, आणि तेही तोंडी. मागची बाजू प्लायवूडची की भरीव? फळी किती जाड? सांधे कुसू बसवून की खिळे ठोकून आणि वर पुट्टी भरून? लाकूड गाभ्याचे की पांढऱ्या भागासकट? मी काहीच विचारले नाही. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे मी अनेक व्याख्यानांत सांगितले आहे. स्वतः मात्र चहा पिऊन, सलाम करून घरी आलो.

आता त्या ‘इन्शाअल्लाह’कडे वळू. सूरह कहफमध्ये आज्ञा आहे की, उद्या मी अमुक करीन असे म्हणताना अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख करावा. त्यामागे माणसाची नम्रता आहे: मी ठरवले आहे, मी झटणार आहे, पण घडवणारा तो आहे. आपण त्या शब्दाचा अर्थ उलटा केला. जेथे ठरवलेले नाही, झटायचे नाही, तेथे तो शब्द ठेवून देतो, म्हणजे पुढे जाब विचारणाऱ्याला अल्लाहकडेच बोट दाखवता यावे. इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या-उल-उलूम’मध्ये जिभेच्या संकटांत खोट्या वचनाचा समावेश केला आहे आणि फार नेमका भेद केला आहे. वचन देताना पाळण्याचा निश्चय होता आणि मग खरी अडचण आली, तर तो मुनाफिक नव्हे. वचन देतानाच न पाळण्याचे मनात होते, तर ते निफाकचे लक्षण आहे. म्हणजे निकाल ईदच्या दिवशी लागत नाही. तो शाबानमध्ये, शब्द उच्चारतानाच लागून गेलेला असतो.

हा न्याय सुताराला लावणे सोपे आहे. पण त्याची बाजूही पाहा. तो खरे सांगतो: ‘लाकूड वाळायला वेळ लागेल, दहा महिने धरा.’ ग्राहक उठतो आणि शेजारच्या दुकानात जातो. तिथे ‘पंधरा दिवस’ असे उत्तर मिळते. काम कोणाला मिळते? आपण खोटे बोलणाऱ्याला काम देतो, खरे बोलणाऱ्याला उपाशी ठेवतो, आणि मग बाजारात खरे बोलणारा सापडत नाही म्हणून हळहळतो. कारागिराचे असत्य त्याच्याच खात्यात लिहिले जाईल, यात शंका नाही. कोणी कोणाचे ओझे उचलणार नाही. पण त्याला त्या असत्याकडे ढकलणाऱ्याचे खाते कोरे राहील, असे मला तरी वाटत नाही.

आगाऊ रकमेचेही असेच. माझे तीस हजार माझ्या कपाटात गेले नव्हते. ते आधीच्या एका ग्राहकाच्या पलंगाच्या लाकडात गेले होते. आणि माझ्या कपाटाचे लाकूड नंतर आलेल्या तिसऱ्याच्या आगाऊ रकमेतून आले. फिकहच्या दृष्टीने इस्तिस्नाची आगाऊ रक्कम ही कारागिराची होते, ती अमानत म्हणून बाजूला ठेवण्याची सक्ती नाही. तेव्हा त्याला ख्यानत म्हणणे अतिरेक होईल. पण ज्याचे पुढचे पाऊल नेहमी नव्या माणसाच्या पैशावर पडते, त्याची कुठलीच तारीख खरी असू शकत नाही. हे चक्र का सुरू झाले, असे विचारले तेव्हा त्यांनी वहीच काढली. सामान घेऊन गेलेल्या अनेकांनी शेवटची रक्कम दिलेलीच नव्हती. कोणाची पाच हजार, कोणाची बारा. ‘पगार झाला की’, ‘शेत विकले की’, ‘इन्शाअल्लाह’. त्या वहीत एक नाव माझेही होते: आठ हजार, बकरी ईदपासून. कपाटात दोष दिसण्याच्या कितीतरी आधीपासून मी ती रक्कम केवळ हात आखडता घेऊन ठेवली होती. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस आपल्या ओठांवर असते. काम पुरे करून घेऊन मोबदला न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल, ही बुखारीतील हदीस त्याहून भयंकर आहे, आणि ती आपण क्वचितच सांगतो.

तरीही दोष लपवण्याचा प्रश्न उरतोच, आणि तिथे मी सवलत देऊ शकत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. कारण खरे होते. पाऊस त्याने पाडला नव्हता. तरी त्याला विचारले गेले की, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे सांगितले गेले. ओली फळी आणि ओले धान्य यांत काय फरक आहे? लाकूड ओले असणे हा गुन्हा नव्हता. ते रंगाखाली, पॉलिशखाली झाकणे हा गुन्हा होता.

येथे एक सावधगिरी हवी. हातकामाच्या प्रत्येक वेगळेपणाला दोष म्हणू नये. दोन फुले तंतोतंत सारखी नसणे, एका फळीचा रंग दुसरीहून किंचित गडद असणे, पटाशीचा हलका ठसा राहणे, हे हाताचे लक्षण आहे. यंत्राच्या मालाशी तुलना करून त्यावर पैसे कापणारे ग्राहक मी पाहिले आहेत. ते हातकामाची शान मागतात आणि यंत्राची सफाई. दुसरीकडे, मुंबईच्या बाजारात घाना-नायजेरियाकडचा लागवडीचा साग ‘बर्मा टीक’ म्हणून विकला जातो, असे होते; म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली आहे, हे माहीत असलेला ग्राहक निदान एक प्रश्न तरी विचारील.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना संकोच वाटतो. कारागिरांवर सर्वांत जास्त घाई लादली जाते ती लग्नसराईत, मुलीबरोबर पाठवायच्या पलंग-कपाट-ड्रेसिंग टेबलासाठी. शरीअतने निकाहात महर पुरुषावर ठेवला. आपण पलंग मुलीच्या बापावर ठेवला. तो बाप कर्ज काढून आगाऊ देतो, उरलेले देऊ शकत नाही, आणि त्याची उधारी सुताराच्या वहीत जाऊन बसते. एका चुकीच्या रूढीचा भार किती फळ्यांवर पडतो, हे त्या वहीत दिसते.

बुखारीत बनी इस्राईलमधील एका माणसाची कथा आहे, तीही लाकडाचीच. त्याने अल्लाहला साक्षी आणि जामीन ठेवून हजार दीनार उसने घेतले. मुदत आली, समुद्र ओलांडायला जहाज मिळेना. त्याने एक ओंडका पोखरला, आत दीनार आणि पत्र ठेवले, तोंड बंद केले आणि अल्लाहवर सोपवून तो समुद्रात सोडला. पलीकडे सावकार वाट पाहत होता. जळणासाठी म्हणून त्याने तो ओंडका घरी नेला आणि फोडला तेव्हा रक्कम मिळाली. पण मला या कथेतला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. ओंडका सोडून दिल्यावर तो माणूस घरी स्वस्थ बसला नाही. तो जहाज शोधतच राहिला आणि दुसरे हजार दीनार घेऊन सावकाराच्या दारात हजर झाला. त्याचा ‘इन्शाअल्लाह’ असा होता.

मी आठ हजार नेऊन दिले. भेग गेलेल्या दाराचा आणि पांढऱ्या फळीचा हिशेब वेगळा मांडला. ती त्यांनी स्वखर्चाने बदलून द्यायची, असे कागदावर लिहिले गेले, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. सह्या करताना त्यांना थोडे अवघडल्यासारखे झाले, मलाही. मग मी विचारले, दारे केव्हा मिळतील? त्यांनी नेहमीचे उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबले. कारखान्याच्या मागच्या भिंतीशी नव्या फळ्या रचल्या होत्या, मध्ये पट्ट्या घालून. त्यांतील दोन त्यांनी बाहेर ओढल्या, खडूने त्यांवर माझे नाव लिहिले, खाली तारीख घातली आणि म्हणाले, “पुढच्या मार्चपर्यंत यांना हात लावणार नाही. तोवर फोन करू नका, भाईजान.”

पुस्तके अजून पेट्यांतच आहेत. कडुलिंबाचा पाला घालून ठेवली आहेत.